पानमळ्यात शिरले तो दिवस

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आई निरोप द्यायला उठली नाही. ती अंगणाच्या कडेला वाघर गुंडाळत बसली होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. कोंडायला मेंढरू एकही उरलं नव्हतं, तरी ती जाळ्याची गाठ न् गाठ तपासत होती, जणू दुपारी कळप परत यायचा आहे. मी पाया पडले तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. माझं माहेर आणि सासर एकाच वाडीत, म्हसवडच्या पुढं माळावर. सासू-सासरे आधीच गेलेले, धाकटा दीर पलटणीत भरती झालेला. मागं वळून बघावं असं दुसरं दार नव्हतं.

जर्मनची लढाई चालू होती. दोन वर्षं आमच्याकडं पाऊस झाला नव्हता. शाळू उगवून वाळला, मटकीनं तेवढासुद्धा जीव धरला नाही. आम्ही हुलग्याचं माडगं पिऊन दिवस काढत होतो. हुलगा हे गरिबाचं कडधान्य, थोड्या ओलीवर येतं. शिजवून, पातळ करून प्यायलं की पोटाला दुपारपर्यंत आधार. तोही सरला तेव्हा माझे मालक म्हणाले, "मिरजंकडं जाऊ. तितं मोटंवर मानसं लागत्यात." लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेन.

हे मी माझ्या भावाच्या मुलांसाठी लिहिते आहे, आणि त्या सालांत माळावरून खाली उतरलेल्या सगळ्यांच्या मुलांसाठी. लिहायला मी फार उशिरा शिकले, थोरल्या मुलीनं शिकवलं. तेव्हा अक्षर आणि भाषा दोन्ही सांभाळून घ्या.

चार दिवस चालून आम्ही मिरजेच्या पूर्वेला एका गावात आलो. इंग्रजांची हद्द संपून संस्थानची सुरू झाली होती. लोकांच्या बोलण्यात कानडी शब्द येत होते. मोठ्या बहिणीला अक्का म्हणत आणि सगळं गावच कुणाला तरी अक्का म्हणत असे. आमच्या मालकांना पानमळ्यावर मोट हाकायचं काम मिळालं. मळ्याचा धनी आप्पा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची थोरली बहीण विधवा होऊन माहेरी राहिलेली, तीच अक्का. मळ्यातल्या बायकांवर तिची नजर असे. राहायला आम्हाला कुंपणाबाहेर लिंबाखाली झोपडी दिली.

तोवर मी खायचं पान असं वेलीवर कधी पाहिलं नव्हतं. आमच्या माळावर पान लग्नात आणि देवापुढं. तेही ओल्या फडक्यात गुंडाळून लांबून आलेलं, कडा काळ्या पडलेलं. इथं एकरभर सगळं तेच. आधी शेवरीची दाट झाडं लावलेली, तिच्या बारीक पाल्याची विरळ सावली, आणि प्रत्येक शेवरीला बिलगून वर चढलेला वेल. उन्हातून आत पाऊल टाकलं की अंगावर ओलं फडकं टाकल्यासारखं होई. दर थोड्या दिवसांनी पाणी, आणि तेही पाटानं वाहत येणारं. आमच्याकडं दोन कोस चालून डोक्यावर आणलेलं पाणी आई भांड्याच्या कडेनं ओतायची, थेंब सांडला तर बोलायची. इथं पाटात पाय घालून उभी राहिले तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं.

आप्पा एकदा पानं खुडता खुडता म्हणाला होता, "ह्यो वेल मूळचा हितला न्हाई. लांब, जितं बारा म्हैनं पाऊस पडतोय, तितला. आमच्या पणज्यानं दक्षिणेकडनं पाटीत ओली माती घालून कांडं आणली. ह्याला फळ न्हाई, बी न्हाई. एका वेलाचं कांडं तोडायचं, तेच दुसरीकडं पुरायचं." म्हणजे सगळ्या मळ्यातले वेल एकमेकांचेच तुकडे. आणि लाडही तसेच. ऊन जास्त झालं तर सुकणार, वारा लागला तर फाटणार. वर्षातून एकदा शेंड्याला पोचलेला वेल खाली उतरवायचा, त्याचं वेटोळं करून मुळाशी मातीत पुरायचं, फक्त शेंडा वर ठेवायचा. त्याला उतरण म्हणतात. पुरलेल्या अंगाला नवी मुळं फुटतात आणि तो पुन्हा पहिल्यासारखा चढू लागतो.

मळ्याचे नियम होते. पायताण बाहेर. अंघोळ केल्याशिवाय आत नाही. आणि बाई बाहेर बसली असेल तर चार दिवस तिनं कुंपणाच्या आत पाय ठेवायचा नाही. विटाळानं वेल जळतो. हे मला विचित्र वाटलं नाही. आमच्यातही त्या दिवसांत देवाकडं जात नसू. वेल म्हणजे यांचा देव, एवढंच मी समजले. अक्का रोज सकाळी दारात उभी राहून एकेकीला विचारायची, "बरी हायस न्हवं?" आणि आम्ही "व्हय" म्हणून आत जायचो. आम्ही पाच जणी होतो. त्यांत गौरा नावाची एक विधवा बाई होती. मला पान खुडायला तिनंच शिकवलं. अंगठ्याच्या नखानं देठ कसा तोडायचा, कवळं पान कोणतं, तयार कोणतं, सगळं तिनं माझा हात हातात धरून दाखवलं.

ते घडलं तेव्हा आम्हाला तिथं सात-आठ महिने झाले होते. मी बाहेर बसले होते, दुसरा दिवस होता. आप्पा आणि अक्का नात्यातल्या लग्नाला गेले होते, त्यामुळं बायकांना सुट्टी. मी कुंपणाबाहेर झोपडीपुढं बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मालक पलीकडच्या अंगाला विहिरीवर मोट हाकत होते. मोटेचा आवाज आणि त्यांचं गाणं दोन्ही ऐकू येत होतं. मग मळ्याच्या आतून वेगळाच आवाज आला. पाणी पाटातून जाताना खळखळतं; हे पाणी कुठंतरी पडत होतं. कुंपणाच्या फटीतून पाहिलं तर खालच्या कोपऱ्यात पाट फुटला होता आणि पाणी वेलांच्या बुडाशी तुंबायला लागलं होतं.

मी हाका मारल्या. मोटेच्या करकरीत त्यांना ऐकू गेलं नाही. विहिरीला जायचं तर सगळ्या मळ्याला वळसा घालावा लागे. मी थोडी पळाले, मग थांबले. पाटाचा बांध डोळ्यांदेखत ढासळत होता. मळा बुडाला तर पहिला दोष मोट हाकणाऱ्याचा, आणि आम्हाला परत जायला गाव नव्हतं. एवढंच मनात आलं. मी दारातून आत शिरले, वरच्या उंच ओळींतून तिरकी धावत कोपऱ्यात गेले, शेवरीच्या फांद्या आणि चिखल टाकून पाट बुजवला. तुंबलेलं पाणी काढून द्यायला वाट नव्हती. ते तसंच राहिलं. आल्या वाटेनं परत गेले, हातपाय धुतले आणि पुन्हा शेंगा फोडायला बसले.

संध्याकाळी मालक म्हणाले, "कोपऱ्यात पाट कुनी बुजिवला गं?"

"मला काय ठावं," मी म्हणाले.

नवऱ्याशी बोललेलं माझं ते पहिलं खोटं. त्यांनाही वाटलं असेल, शेजारच्या मळ्यातला कुणी येऊन गेला. तोवर पाणी जिरलं होतं, आणि पानमळ्यात जमीन सदाच ओली. आप्पा परत आला तेव्हा त्याला वेगळं काही दिसलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी त्या कोपऱ्यातला एक वेल मान टाकून उभा दिसला. दुसऱ्या दिवशी त्याची पानं पिवळी पडली, तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचे चार वेल तसेच. आठवड्यात दोन ओळी गेल्या. आप्पा सकाळी कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा आणि जेवायला बोलावलं तरी हलायचा नाही. हे वेल त्याच्या बापानं लावलेले. एक मेला की शेजारच्याला धरतो आणि पुढं सगळा मळा बसतो, हे त्याला ठाऊक होतं. शेजारच्या गावात एक मळा असाच उघडा पडला होता.

मला कारण माहीत होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. माझ्या पायांनी हा वेल जळला. रोज सकाळी अक्का विचारायची, "बरी हायस न्हवं?" आणि मी खाली बघून "व्हय" म्हणायची.

एका सकाळी अक्कानं आम्हा पाचही जणींना दारातच थांबवलं. तिच्या हातात वाळलेला एक वेल होता.

"कुनीतरी इटाळानं आत शिरलंय," ती म्हणाली. "वेलावर हात ठिवून एकेकीनं सांगायचं."

पहिल्या तिघींनी हात ठेवला. चौथी मी. मी हात ठेवला आणि काय बोलले ते मला आजही नीट आठवत नाही, पण कबूल केलं नाही एवढं खरं. गौरा शेवटची. तिनं हात पुढं केला, पण तो मध्येच थांबला. तिच्या नवऱ्याच्या मरणानंतर ती अशा शपथांना घाबरायची, हे मला माहीत होतं. अक्काला माहीत नव्हतं, की तिला बघायचंच नव्हतं, कुणास ठाऊक.

"गौरा, तू उद्यापास्नं येऊ नगं," अक्का म्हणाली.

गौरानं एकदा आम्हा सगळ्यांकडं पाहिलं. माझ्यावर तिची नजर थांबली नाही, इतरांसारखीच ओलांडून गेली. मग तिनं पायताण घातलं आणि ती निघाली. मी आत जाऊन पानं खुडू लागले.

दुपारी मालक भाकरी खायला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला.

"आनी कुनाला सांगितलंस?"

"न्हाई."

"मग सांगू नगंस. सगुणा, माळावर काय हाय आपलं? हितनं काढलं तर कुटं जायाचं?" मग ते हळू म्हणाले, "गौराला दुसरं काम मिळंल. तिचं गाव हाय ह्ये."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, हेच अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी पहाट सरताना, बायका यायच्या आधी, मी खुरपं घेऊन कोपऱ्यात गेले. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. कदाचित आपल्या पापाचं तोंड बघायला. मेलेल्या एका वेलाच्या बुडाची माती उकरली. आत देठ काळा, मऊ, बोटानं दाबला की साल निघून आली. वास ओळखीचा होता. एका पावसाळ्यात आमची मेंढरं चिखलात अडकली होती, तेव्हा त्यांचे खूर असेच कुजले होते आणि असाच वास आला होता. मी दुसरा वेल उकरला, तिसरा उकरला. मग उभी राहून नीट पाहिलं. मेलेल्या वेलांची कड जिथं संपत होती तिथं मातीवर वाळलेल्या गाळाची बारीक रेघ होती. त्या दिवशी पाणी तिथवर चढलं होतं. त्या पाण्याखालच्या, जिथं मी पाऊलही टाकलं नव्हतं अशा जागचेही वेल मेले होते. आणि वरच्या ज्या ओळींतून मी दोनदा धावले होते, तिथला एकही वेल पिवळा नव्हता. आप्पाला पाणी तुंबल्याचं ठाऊकच नव्हतं. इतके दिवस ते ठाऊक असणारी मी एकटी, आणि मी गप्प होते.

दिवस उगवताना आप्पा दारातून आत आला. मागं अक्का. मला आत बघून ती म्हणाली, "तू हितं काय करतीस?"

"गौरा शिरली नव्हती," मी म्हणाले. "मी शिरले हुते. तुमी लग्नाला गेलावता तवा. माजा दुसरा दिस हुता."

अक्कानं पदर तोंडाला लावला. कुंपणापलीकडं माझे मालक बैल घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या हातातला कासरा सैल पडला.

मी थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं, म्हणून बोलत राहिले. पाट कसा फुटला, हाका कशा मारल्या, कुठून धावले, पाणी कुठवर चढलं. आप्पाला हाताला धरून नेता येत नव्हतं, म्हणून खुरप्यानं एकेक जागा दाखवत पुढं चालले.

"आप्पा, मी हितनं गेले. ह्ये बघा, हिरवं हाय. आन तितं मी गेलेच न्हाई, पाणी गेलं. ते मेलं."

आप्पा खाली बसला. त्यानं माती मुठीत घेऊन हुंगली, काळा देठ चोळून पाहिला. "पानी किती येळ तुंबलं हुतं?" त्यानं विचारलं.

"शेंगांचं सूप भरंस्तवर तरी तसंच हुतं. पुढं मी बगितलं न्हाई."

"मला त्या दिशीच सांगाय पायजे हुतंस."

"व्हय," मी म्हणाले.

अक्का म्हणाली, "इटाळ त्यो इटाळच, आप्पा."

"असंल आक्का," आप्पा उठत म्हणाला. "पन ही जितनं पळाली तितला वेल हिरवा हाय. त्ये कसं, त्ये तू सांग."

आप्पानं कुंपणाकडं तोंड करून माझ्या मालकांना हाक मारली, "म्हाळू, आज मोट धरू नगंस. कुदळ घिऊन ये."

त्या दिवशी दोघांनी मेलेल्या ओळींभोवती गुडघाभर खोल चर खणला, पाणी बाहेर काढून द्यायला वाट केली. मेलेले वेल मुळासकट उपटले आणि मळ्याबाहेर नेऊन जाळले. चराच्या आतले काही वेल अजून हिरवे होते, तेही आप्पानं स्वतःच्या हातानं उपटले. उपटताना तो प्रत्येक वेलाला एकदा हात लावून बघत होता. मला अक्कानं बाहेर काढलं. "तू आत पाय ठिवायचा न्हाई," एवढंच म्हणाली. घालवलं नाही, पण राहा असंही कुणी म्हणालं नाही.

गौराला बोलवायला अक्कानंच सांगितलं, तेव्हा मी तिच्या घरी गेले. ती चुलीपुढं होती. मी सगळं सांगून संपवलं तरी तिनं मान वर केली नाही.

"आक्कानं बलिवलंय," मी म्हणाले.

"येईन," ती म्हणाली. "पन येक दिस तू गप बसलीस, सगुणा. त्यो माज्या ध्यानात ऱ्हाईल."

ती परत आली. पुढं आमचं बोलणं झालं, माझ्या पहिल्या बाळंतपणात तीच उशाशी होती. पण तो दिवस तिच्या ध्यानात राहिला आणि माझ्याही.

मग वाट बघणं सुरू झालं. चराबाहेरचा वेल धरला तर सगळं संपलं. मालक रोज सकाळी मोट धरायच्या आधी चराच्या कडेनं फिरून येत. मी कुंपणाच्या फटीशी उभी असे. ते लांबूनच मान हलवत, नाही म्हणून. पाचव्या दिवशी मान हलली नाही. चराबाहेर, अगदी कडेला, दोन वेलांनी माना टाकल्या होत्या. आप्पानं चर आणखी एक ओळ मागं घेतला. त्या दिवसांत आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. गाठोडं मी बांधून ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि सोडायला सांगितलं नाही.

त्यानंतर एकही वेल गेला नाही. पंधरा दिवस, महिना. एक दिवस मालक फिरून आले आणि न बोलता गाठोडं सोडून भांडी चुलीपाशी मांडू लागले.

मला मात्र वर्षभर मळा बंद होता. मी बाहेर पानं मोजून रचायची, बैलांना वैरण घालायची, बाहेर आणून टाकलेल्या शेवरीच्या फांद्या साफ करायची. मग उतरणीचे दिवस आले. त्या साली माणसं मिळेनात. कितीतरी घरांतले कर्ते पुरुष पलटणीत गेले होते. अक्का दारात आली आणि म्हणाली, "भाईर बसून काय करतीस? ये आत." मी घुटमळले. ती पाठ फिरवूनच म्हणाली, "तुज्या दिसाचं तुज्यापाशी. मी इचारनार न्हाई." त्या दिवशी मी पहिल्यांदा वेल उतरवला. पुरुषभर उंचीवरून तो अंगावर येतो, थंड आणि जड. त्याला न मोडता गोल करून मातीत निजवायचं असतं. अक्का शेजारच्या ओळीत होती. तिनं माझं वेटोळं एकदा पाहिलं, सैल केलं आणि पुढं गेली.

लढाई संपली. पुढं माळावर पाऊसही झाला. मालक एक हंगाम एकटेच जाऊन शाळू पेरून आले; कणसं भरली तेव्हा मलाही घेऊन गेले. पाच वर्षांनी मी आईच्या अंगणात उभी होते. रान असं भरलेलं की माझ्या डोळ्यांना ते खरं वाटेना. कडेवर मुलगी होती. ती आजीकडं जाईना, रडायला लागली. आई तिला शाळूचा हुरडा भरवायला बघत होती. भाऊ म्हणाला, आता इथंच राहा, घराची डागडुजी करून देतो. मालक माझ्याकडं बघत होते. ते राहिले असते. त्यांचा जीव त्या माळावरच होता, मरेपर्यंत होता.

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. ज्या जागेनं आमचा जीव वाचवला तिथं मी खोटी ठरले होते, आणि तिथंच खरं बोलून उभी राहिले होते. माळावरच्या माणसांना माझं हे काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी मी वाघरीतून वेगळी झालेली तीच पोर होते. त्यांची माया खरी होती, पण ती जिच्यावर होती ती बाई आता मी नव्हते. हे त्यांना कसं सांगायचं, मला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी आईजवळ बसून मटकी निवडत होते. ती काहीतरी सांगत होती, कुणाच्या लग्नाचं. मी मध्येच म्हणाले, "आये, परवा निगाय पायजे. उतरण आलीय, घरी जाया हवं."

बोलून गेले आणि मलाच ऐकू आलं. मी आईच्या घरात बसून दुसऱ्या जागेला घर म्हणाले होते.

आईचे हात सुपात थांबले. मालक ओसरीवर होते; त्यांनीही ऐकलं असणार. मग आईनं सूप माझ्याकडं सरकवलं आणि उठली.

"परवा कशाला," ती म्हणाली, "उद्याच नीघ. वाटंवर पोरीला ऊन लागंल, लवकर नीघ. तुजं काम आडलं आसंल."